संत्र्याच्या ट्रॉलीचे पाच टायर : बाजूवरच्या आकड्यांवरून वय ठरवण्याचे एक प्रकरण

फेब्रुवारी २०२५. नागपूर जिल्ह्यातल्या काटोल भागातल्या एका संत्रा बागायतदाराला मृग बहाराची तोड सुरू होण्याआधी जुनी चारचाकी ट्रॉली घ्यायची होती. कळमेश्वरजवळ एक ट्रॉली विकायला उभी होती. डाला सरळ, चॅसिसला वेल्डिंगचे ठिगळ नाही, पुढचा फिरता अॅक्सल मोकळा, बेअरिंगला खडखड नाही. चारही टायर काळेभोर, नक्षी खोल, आणि खाली टांगलेली स्टेपनी तर जणू कधी जमिनीला लागलीच नव्हती. विकणाऱ्याचे म्हणणे एकच होते : "टायरची चिंता करू नका जी, दोन वर्षं बी नाई झाले. नक्षी पाहा ना."

नक्षी खरोखर चांगली होती आणि घोटाळा नेमका तिथेच होता. ट्रकचा टायर रस्त्यावर झिजून संपतो, म्हणून ट्रकवाल्याला नक्षी पाहण्याची सवय असते आणि ती त्याच्यापुरती बरोबर असते. ट्रॉलीचे तसे नाही. संत्र्याची ट्रॉली अंबिया आणि मृग या दोन बहारांच्या तोडीत धावते, तीही ट्रॅक्टरच्या चालीने. बाकीचे महिने ती बांधावर उभी असते. तिचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. त्यामुळे ट्रॉली घेताना आधी तारीख वाचायची, नक्षी नंतर पाहायची.

वयाने टायरचे काय होते

रबर दोन बाजूंनी खराब होते. बाहेरून हवेतला ओझोन आणि ऊन त्याला चिरा पाडतात. आतून ट्यूबमधली दाबाखालची हवा हळूहळू रबरात झिरपत राहते आणि तिच्यातला प्राणवायू प्लायच्या, म्हणजे टायरच्या आतल्या दोऱ्यांच्या, थरांना धरून ठेवणारे रबर कडक करतो. बाहेरची चीर दिसते. आतला कडकपणा दिसत नाही, आणि टायर फुटतो तो बहुधा त्यामुळेच : ओझ्याखाली थर एकमेकांपासून सुटतात, सुटलेल्या जागी घर्षणाने उष्णता वाढते आणि पट्टा उसळून निघतो किंवा बाजू फाटते.

ओझोनपासून वाचवण्यासाठी कारखान्यातच रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने मिसळलेली असतात. चाक फिरताना रबर वाकते तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात. आठ महिने एकाच जागी उभ्या असलेल्या चाकात हे घडत नाही. म्हणून त्याच कंपनीचा, त्याच आठवड्यात बनलेला टायर रोज धावणाऱ्या मिनी ट्रकवर असेल तर त्याची बाजू गुळगुळीत राहते आणि ट्रॉलीवर असेल तर चिरते. उष्णता ही सगळी क्रिया वेगवान करते. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की दर १० अंशांमागे वेग साधारण दुप्पट होतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने टायरचे वार्धक्य अभ्यासायला फिनिक्स या वाळवंटी शहरात वापरलेले टायर गोळा केले होते, ते याच कारणाने. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो. तिथे उन्हात उभ्या असलेल्या काळ्या रबराचे तापमान हवेपेक्षा कितीतरी जास्त असते. थंड प्रदेशासाठी सांगितलेल्या वर्षांच्या मर्यादा इथे सैल धरू नयेत, उलट आवळाव्यात.

कोड कुठे आणि कसा

बहुतेक टायरवर डीओटी अशी तीन अक्षरे आणि त्यापुढे अक्षरे-आकड्यांची ओळ असते. ही अमेरिकेच्या वाहतूक खात्याची पद्धत, पण निर्यात होत असल्याने भारतीय टायरवरही ती सर्रास दिसते. ओळीतली सुरुवातीची दोन किंवा तीन अक्षरे कारखान्याची, मधली मापाची आणि कंपनीच्या अंतर्गत नोंदीची, शेवटचे चार आकडे तारखेचे. आपल्याला शेवटचे चारच हवेत. त्यातले पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. ही चार आकड्यांची पद्धत २००० सालापासूनची. त्याआधी तीनच आकडे असत : दोन आठवड्याचे आणि एक सालाचा शेवटचा. डीओटीची ओळ नसलेल्या टायरवरही हे चार आकडे सहसा वेगळ्या छोट्या चौकटीत सापडतात.

या चौकटीचीच खूण लक्षात ठेवावी. टायरचा साचा वर्षानुवर्षे तोच राहतो, तारीख मात्र दर आठवड्याला बदलते. म्हणून तारखेसाठी साच्यात एक लहानशी सुटी पट्टी बसवतात. तिच्या कडेची बारीक रेघ रबरावर उमटते, त्यामुळे तारखेचे आकडे बाकी अक्षरांपेक्षा किंचित खोल किंवा किंचित उंच, लांबट चौकटीत दिसतात. चौकट नसलेले चार आकडे सापडले तर आधी शंका घ्यायची.

पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते. दुसऱ्या बाजूला तारखेविना अर्धी ओळ असू शकते. टायर बसवणारा ज्या बाजूने उचलेल ती बाजू बाहेर येते, त्यामुळे निम्म्या वेळा तारीख आत, अॅक्सलकडे जाते. बाहेरून तारीख दिसली नाही म्हणून 'यावर तारीखच नाही' असा निष्कर्ष काढणे ही या कामातली सगळ्यात मोठी चूक.

फसवणारे आकडे आणखीही असतात. आयएसआय खुणेखाली सीएम/एल या अक्षरांपुढे परवान्याचा लांब क्रमांक असतो. तो कारखान्याचा परवाना आहे, त्यावरून वय कळत नाही. वॉरंटीचा अनुक्रमांक वेगळा. वर्तुळातल्या ई शेजारचा आकडा युरोपातल्या मान्यतेचा. एक सोपी चाळणी अशी : पहिले दोन आकडे ०१ ते ५३ च्या बाहेर असतील तर ती तारीख नाही.

पाहणी

लागणारे सामान : ओले फडके, प्लास्टिकच्या दात्यांचा ब्रश, पांढरा खडू, टॉर्च, फोनचा कॅमेरा, वही. तारेचा ब्रश वापरू नये, झिजलेले आकडे त्याने पुसलेच जातात. ट्रॉली सपाट जागी, चाकांपुढे-मागे दगड किंवा लाकडी ठोकळे. हायड्रॉलिक डाला उचलून खाली शिरायचे नाही. उचललाच तर टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा आत घालायचा नाही.

पुढच्या चाकांची आतली बाजू पाहणे सोपे असते : ट्रॅक्टरला जोडायचा दांडा पूर्ण एका बाजूला वळवला की फिरता अॅक्सल वळतो आणि एका चाकाची आतली बाजू पुढे येते. मग दुसऱ्या बाजूला वळवायचा. मागच्या चाकांसाठी फोन हातात धरून अॅक्सलच्या वरून आत घालायचा, टॉर्च तिरपी धरायची आणि व्हिडिओ घेत चाकाभोवती फिरवायचा. प्रकाश समोरून पडला तर अक्षरे दिसत नाहीत, बाजूने पडला तर सावलीमुळे उठून दिसतात. ट्रॉली अर्धा फेरा पुढे ढकलून पुन्हा तेच करायचे, कारण आकडे नेमके अॅक्सलआड किंवा जमिनीजवळ असू शकतात. अक्षरे पुसट असतील तर खडू आडवा धरून हलकेच घासावा. उंच भागावर पांढरे बसते आणि खोलगट भाग काळा राहतो.

आधी फडके मारायचे ते धुळीसाठीच नव्हे. विकायच्या टायरला काळा रंग किंवा पॉलिश लावण्याची पद्धत आहे, त्याने चिरा बुजतात. या ट्रॉलीच्या चारही टायरवर ओले फडके काळे झाले आणि खालून राखाडी रबर निघाले. काही ठिकाणी जळके तेल लावलेले होते. तेल आणि डिझेल रबर फुगवतात आणि मऊ करतात. चमक दोन दिवस राहते, नुकसान कायमचे.

टायरचे माप सगळीकडे ७.५०-१६, १४ प्लाय, नायलॉन. वजनाचा निर्देशांक १२२/११८, म्हणजे एकेरी चाकाला १५०० किलो आणि जोडचाकाला १३२० किलो. ट्रॉलीचे चाक एकेरी, म्हणून १५०० हा आकडा धरायचा.

एकेका टायरची नोंद अशी निघाली.

पुढचा डावा : बाहेरच्याच बाजूला १४१९. चौदावा आठवडा २०१९, म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा. वय पाच वर्षे दहा महिने. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसाएवढ्या बारीक रेषा होत्या, पण नख अडकत नव्हते. फुगवटा नाही.

पुढचा उजवा : बाहेर डीओटी आणि अक्षरे होती, तारीख नव्हती. दांडा वळवल्यावर आत ३७१६ सापडले. सप्टेंबर २०१६ चा मध्य, वय आठ वर्षे पाच महिने. डिस्कच्या कडेजवळ, जिथे टायर रिमवर बसतो तिथे, गोलाकार चीर होती आणि तिच्यात नख सहज जात होते. ही जागा कोणी पाहत नाही, पण बाजूचा सगळा वाक तिथेच येतो.

मागचा डावा : पाचांत सगळ्यात नवा दिसणारा, नक्षीचे काठ अजून टोकदार. खांद्यावर, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथे, टायरभर फिरणारी एक सरळ रेघ होती. वरचे रबर आणि खालचे रबर यांच्या काळेपणात फरक होता. हा रिमोल्ड. नवी नक्षी जुन्या सांगाड्यावर चढवलेली असते आणि वय सांगाड्याचे मोजायचे असते. आतल्या बाजूला ०९१२ मिळाले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण हे आकडे तीन प्रकारे वाचले गेले. विकणाऱ्याने 'नववा महिना, २०१२' असे वाचले, सोबत आलेल्या एकाने '२००९, डिसेंबर' असे. दोन्ही चूक. नववा आठवडा म्हणजे फेब्रुवारीची अखेर आणि मार्चची सुरुवात, साल २०१२. या कोडमध्ये महिना कुठेच नसतो. आठवड्याला ७ ने गुणले की वर्षातला साधारण दिवस निघतो : नऊ साते त्रेसष्ट, म्हणजे मार्चची ३-४ तारीख. एवढा हिशेब तोंडी जमतो. तेरा वर्षांचा सांगाडा, त्यावर ताजी नक्षी. रिमोल्ड वाईटच असतो असे नाही. चांगल्या, तरुण सांगाड्यावर जाणत्याने केलेला रिमोल्ड ट्रकवर नीट चालतो. सांगाडा म्हातारा असेल तर मात्र नवी नक्षी फक्त त्याचे वय झाकते.

मागचा उजवा : बाहेर तारीख नाही, आत चौकटीच्या जागी बोटभर रुंद, सपाट, घासलेला पट्टा. आजूबाजूची अक्षरे स्पष्ट, तेवढाच भाग गुळगुळीत. रस्त्याच्या कडेला घासून झीज झाली असती तर ती बाहेरच्या बाजूला आणि गोलाकार पसरलेली असती. ही मुद्दाम केलेली साफसफाई. कोणी केली याचा शोध घेत बसण्यात अर्थ नव्हता, कारण असे टायर तीन-चार हातांतून फिरून आलेले असतात. नियम सोपा ठेवावा : वाचता येत नाही त्या टायरला वय नाही, आणि वय नसलेला टायर जुना धरायचा.

स्टेपनी : नक्षीवरचे रबरी केससुद्धा शाबूत. चौकटीत २४८. आधी वाटले चौथा आकडा मातीत दडला असेल. घासून, खडू लावून पाहिले. चौकट पूर्ण दिसत होती आणि तिच्यात तीनच आकडे होते. चोविसावा आठवडा, आठ हा सालाचा शेवटचा आकडा. तीन आकडे असल्याने साल २००० च्या आधीचे, म्हणजे अलीकडचे धरले तरी जून १९९८. सव्वीस वर्षे उलटून गेलेली. अंगठ्याने दाबले तर बाजू लाकडासारखी लागत होती.

ओझ्याचा हिशेब

वय कळले तरी 'एवढ्या हळू तर चालवायची, काय होते' हा प्रश्न उरतोच, आणि तो प्रामाणिक प्रश्न आहे. त्याचे उत्तर किलोत द्यावे लागते. रिकामी ट्रॉली १६०० किलो. संत्र्याचा भरलेला क्रेट साधारण २२ किलो. १९० क्रेट म्हणजे ४१८० किलो. एकूण ५७८०, चार चाकांवर सरासरी १४४५ किलो. नव्या टायरची मर्यादा १५००. म्हणजे सगळे समसमान भरले तरी शिल्लक ५५ किलो, चार टक्केही नाही. क्रेट एका बाजूला जरा जास्त गेले, सरासरीवर पाच टक्के वाढले, की त्या बाजूचे चाक १५१७ वर जाते. कमी वेगाला कंपन्या थोडे जास्त ओझे मान्य करतात, पण ती मुभा धडधाकट टायरसाठी असते. तेरा वर्षांच्या सांगाड्याची मर्यादा १५०० राहिलेली नसते, आणि किती उरली आहे हे बाहेरून मोजायचे साधन आपल्याकडे नाही.

त्यात काटोल ते नागपूरचा कळमना बाजार हे अंतर सुमारे साठ किलोमीटर, कळमेश्वरवरून, आणि शेवटचा टप्पा शहराच्या गर्दीतून. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. मागचे चाक फुटले की डाला त्या बाजूला बसतो, क्रेट सरकतात आणि ट्रॉली ट्रॅक्टरला ओढते. शेजारून दुचाकी जात असते. माल तर जातोच.

निर्णय

भारतात टायरच्या वयाची सक्तीची कायदेशीर मर्यादा नाही, त्यामुळे मर्यादा घेणाऱ्यानेच ठरवावी लागते. बाहेरची दोन उदाहरणे मापासाठी उपयोगी पडतात. मिशेलिनसारख्या कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि उत्पादनापासून दहा वर्षांनी, नक्षी कितीही असो, बदल असे सांगतात. ब्रिटनने १ फेब्रुवारी २०२१ पासून ट्रक आणि बसच्या पुढच्या अॅक्सलवर दहा वर्षांहून जुना टायर चालवायला बंदी घातली. उन्हात उभ्या राहणाऱ्या आणि काठोकाठ भरणाऱ्या विदर्भातल्या ट्रॉलीला आमच्या मते ही सीमा अशी असावी : पाच वर्षांपर्यंत नेहमीची पाहणी, पाच ते सात दर हंगामाआधी नीट तपासणी, सातच्या पुढे ओझ्याखाली नाही.

या मापाने पाचांपैकी एकच टायर उरला, पुढचा डावा. तोही चालत्या चाकावर न ठेवता एका हंगामापुरती स्टेपनी म्हणून ठेवला. बाकी चार बाद. घेणाऱ्याने ट्रॉली नाकारली नाही, कारण लोखंड चांगले होते. नागपूरजवळच्या वाडीच्या दोन दुकानांतून चार टायर, चार ट्यूब आणि चार फ्लॅप (ट्यूब आणि रिम यांच्यामधली रबरी पट्टी) यांचा दर काढला आणि तेवढी रक्कम ट्रॉलीच्या भावातून वजा करायला सांगितली. वहीतली नोंद आणि फोनमधले फोटो समोर ठेवल्यावर विकणारा फार ताणून धरू शकला नाही. नुसते "टायर जुने वाटतात" म्हटले असते तर बोलणे नक्षीवरच परत गेले असते.

नवे टायर घेताना

दुकानातला टायर न वापरलेला असतो, त्याचा अर्थ ताजा असा होत नाही. पहिल्या दुकानाने काढलेल्या चारांत एक ३१२३ चा होता, म्हणजे दीड वर्ष गोदामात पडलेला. बाकीचे ४७२४, नोव्हेंबर २०२४. सावलीत, थंड जागी उभा ठेवलेला टायर लवकर बिघडत नाही, पण पूर्ण किंमत देताना सहा महिन्यांच्या आतला मागणे रास्त आहे. तो एक बदलून घेतला. कागदावरचा कोड न वाचता टायरवरचाच वाचावा, आणि बिलावर चारही तारखा लिहून घ्याव्यात. जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घालू नये : ताणलेली ट्यूब घडी पडून तिथेच कापते, आणि कडक झालेला फ्लॅप तिला रिमच्या कडेवर चावतो.

बसवताना पंक्चरवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगितली : तारखेची बाजू बाहेर. पुढच्या वेळी कोणाला खाली वाकावे लागणार नाही. या मापाच्या डिस्कला लॉक रिंग, म्हणजे टायर रिमवर धरून ठेवणारी लोखंडी कडी, असते. चाक खोलण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडायची, आणि हवा भरताना रिंग नीट बसली का ते पाहून चाक पिंजऱ्यात किंवा साखळीने बांधून भरायचे. निसटलेली रिंग माणूस मारते. दाब बाजूवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. या टायरला पूर्ण ओझ्यासाठी ७७० किलोपास्कल, म्हणजे सुमारे ११२ पीएसआय. सकाळी, चाक थंड असताना मोजायचा. दुपारी तापलेल्या टायरचा वाढलेला दाब पाहून हवा कमी केली तर रात्री तो टायर कमी हवेवर चालतो, बाजू जास्त वाकते आणि आतून तापते.

हंगाम संपल्यावर ट्रॉली अॅक्सलखाली ठोकळे देऊन उचलायची, चाके जमिनीपासून मोकळी, दाब निम्मा, वर गोणपाट किंवा पांढरी ताडपत्री. उचलणे जमत नसेल तर दर पंधरा दिवसांनी पाव फेरा पुढे सरकवायची, नाहीतर नायलॉन टायर एका जागी चपटा बसतो. वेल्डिंगची जागा आणि चालती मोटर यांच्याजवळ ठेवायची नाही, तिथे ओझोन तयार होतो. बांधावर काडीकचरा जाळताना ट्रॉली लांब न्यायची.

बाद केलेले चार टायर ट्रॉलीवाल्याकडे परत गेले नाहीत. भंगारात देण्याआधी प्रत्येकाची बाजू आरपार कापली आणि स्टेपनीच्या काठाची तार ग्राइंडरने तोडली. न कापलेला टायर पुन्हा रंग लागून दुसऱ्या कोणाच्या ट्रॉलीखाली येतो, मागच्या उजव्या टायरसारखा.